पियानोला कुलूप

ग्लाफिरा येणार आहे हे क्सेनियाने स्टेशनावर जायला निघता निघता सांगितलं, म्हणजे ताइसियाला नाही म्हणायला वेळच उरू नये अशा बेताने.

"आत्याला मी बोलावलंय, ताया मावशी. बाबांच्या वाढदिवसाला. गाडी पोचतच असेल."

"मला एका शब्दाने विचारलं असतंस तर?"

"तर तू नको म्हणाली असतीस." क्सेनियाने डोक्याला रुमाल गुंडाळला आणि ती फाटकाबाहेर पडली. दहा पावलांवर खाडीवरून आलेलं धुकं होतं. त्यात ती आधी करडी झाली, मग नुसती हालचाल उरली, मग तीही नाही.

त्या ऑगस्टमध्ये धुकं रोजच यायचं. सकाळी पाइनच्या बुंध्यांमधून आत शिरायचं, दुपारी जरा मागे सरायचं आणि चहाच्या वेळेला पाहुण्यासारखं पुन्हा ओसरीत हजर. सफरचंदाच्या झाडाखाली वेताच्या खुर्चीत इग्नाती प्लातोनोविच बसलेला होता. गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, उजवा हात त्या शालीखाली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी वाजवत होता. ताइसियाने ते पाहिलं आणि जवळ जाऊन त्या हातावर आपला हात ठेवला. बोटं थांबली.

"गार वाटतंय का?"

त्याने वर पाहिलं. डोळे तेच होते, थट्टेखोर आणि पाणीदार. "खिडकी," तो प्रेमाने म्हणाला.

मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून त्याच्या डोक्यातले शब्द उठून एकमेकांच्या जागांवर जाऊन बसले होते. चमच्याला तो होडी म्हणायचा, औषधाला काका. मुलगा प्लातोन भेटायला आला की त्याला बघून "प्ला... प्ला..." इथपर्यंत तरी पोचायचा. पण बायकोसाठी एकच शब्द पक्का झाला होता, खिडकी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मनावर घेऊ नका. ताइसिया स्वतः नर्स होती. युद्धात उरलमधल्या इस्पितळात डोक्याला गोळ्या लागलेल्या पोरांना आईचं नाव विसरताना तिने पाहिलं होतं. मनावर घ्यायचं नाही हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी घेतलंच होतं.

त्याच इस्पितळात तिला इग्नाती मिळाला होता. वेढ्यातल्या लेनिनग्राडमधून बर्फावरून बाहेर काढलेला, पहिल्या बायकोला तिथेच मातीत ठेवून आलेला. मोठा संगीतकार वगैरे तिला ठाऊक नव्हतं. हाडांचा एक सांगाडा आणि त्याच्याबरोबर दोन गप्प मुलं, प्लातोन आणि क्सेनिया, एवढंच तिने पाहिलं. चमच्याने पेज भरवून तिने त्याला परत आणलं. आणि आता सोळा वर्षांनी, चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग लिहीत असताना, पियानोवरच तो कोसळला. तो आवाज ती विसरली नव्हती. अनेक पट्ट्या एकदम दाबल्या गेल्याचा, घराचा कणा मोडावा तसा. कसलाही ताण नको, विशेषतः पियानो नको, असं डॉक्टरांनी बजावलं आणि खाडीकाठच्या या उन्हाळी घरी राहायला आल्या दिवशीच तिने पियानोच्या झाकणाला कुलूप लावलं. किल्ली एप्रनच्या खिशात असायची. चालताना ती मांडीला लागायची, आणि लागली की तिला बरं वाटायचं.

ग्लाफिरा धुक्यातून आली ती आधी आवाजानेच. "अगं, हा रस्ता आहे की दुधाचं पातेलं? मी तर म्हटलं, मेले बहुतेक आणि स्वर्गात क्सेनियाच उभी!" मग तिची ठेंगणी, रुंद आकृती दिसली. एका हातात खारवलेल्या अळंब्यांची बरणी, दुसऱ्या हातात जोडे, कारण ओल्या गवतातून ती अनवाणी आली होती. ती इग्नातीपेक्षा मोठी. उत्तरेकडच्या नदीकाठच्या त्यांच्या गावात तिने जन्मभर शाळेत गाणं शिकवलं होतं.

भावासमोर येऊन ती उभी राहिली. त्याचा वाकडा झालेला ओठ, शालीखालचा हात, सगळं तिने एका नजरेत पाहिलं. रडेल असं ताइसियाला वाटलं, पण ती रडली नाही.

"काय रे इग्नाशा? माझ्याआधी म्हातारा झालास? मोठी बहीण मी आहे, काही रांग असते की नाही?"

इग्नाती हसला. अर्धाच चेहरा हसला, पण मोठ्याने. "टोपी!" तो म्हणाला. "टोपी, टोपी!"

"हो रे बाबा, टोपी," ग्लाफिरा म्हणाली आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

"या, ग्लाफिरा प्लातोनोव्ना," ताइसिया म्हणाली. "जेवण तयार आहे. त्याला फार बोलायला लावू नका, थकतो तो."

"एवढ्या वर्षांत तू मला एकदाही नुसतं ताई म्हणाली नाहीस," ग्लाफिरा जोडे घालत म्हणाली. "पूर्ण नावाने हाक मारली की मला वाटतं, शाळा तपासायला साहेब आले."

जेवायला बसले तेव्हा फाटकाशी मोटार थांबली. प्लातोन येणार हे ठरलेलंच होतं. पण त्याच्याबरोबर उतरला तो उंच, पांढऱ्या केसांचा, फुलांचा गुच्छ मशालीसारखा धरलेला माणूस येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाद्यवृंदाचा संचालक निकान्द्र सेम्योनोविच. इग्नातीच्या तिन्ही सिंफनी त्यानेच पहिल्यांदा वाजवून घेतल्या होत्या.

"तू त्यांना इथे आणलंस?" क्सेनियाने भावाला कोपऱ्यात गाठून विचारलं.

"तू आत्याला आणलंस ना? मग?"

टेबलाच्या मुख्य जागी इग्नातीला बसवलं होतं. ताइसिया त्याच्या बशीतल्या माशाचे काटे काढत होती. आधी तब्येती झाल्या, मग हवा झाली, मग कोबी भरून भाजलेल्या पिरोगची तारीफ झाली. शेवटी निकान्द्र सेम्योनोविचने नॅपकिनने ओठ टिपले.

"प्रश्न चौथ्या सिंफनीचा आहे. तीन भाग पूर्ण आहेत. आणि काय भाग आहेत! पण शेवटाशिवाय सिंफनी म्हणजे छपराशिवाय घर. हिवाळ्याच्या हंगामात ती लावायची माझी फार इच्छा आहे. वरूनही होकार आहे, फक्त शेवट उजळ असावा एवढंच म्हणणं आहे. इग्नाती प्लातोनोविचचा आवडता शिष्य अर्सेनी तयार आहे. गुरूच्याच ढंगात लिहील. ट्रम्पेट, कोरस, पहाट. लोक उभे राहतील."

"आवडता?" क्सेनियाने काटा खाली ठेवला. "बाबा त्याला 'कढी' म्हणायचे. काहीही घाला, चव एकच."

"क्सेनिया!"

"का? आजारी पडायच्या आधी म्हणायचे, तेव्हा शब्द जागेवर होते."

प्लातोन बहिणीकडे वळला. तो तंत्रशिक्षण संस्थेत पूल बांधायला शिकवायचा आणि बोलतानाही एकेक खांब उभा केल्यासारखा बोलायचा. "तुला गंमत वाटते. बाबांची दुसरी सिंफनी वर्तमानपत्रात झोडली तेव्हा तू गावी आत्याकडे होतीस. मी शहरात बाबांजवळ होतो. आपल्या जिन्यात लोक मला बघून परत दार लावून घ्यायचे. कधीही पकडून नेतील म्हणून बाबा सूटकेस भरून दाराशी ठेवायचे आणि कपडे घालूनच झोपायचे. आता लोक स्वतःहून मागताहेत, मोठ्या सभागृहात, बाबांच्या नावाने. आणि आपण नाही म्हणायचं? एका ढंगदार पहाटेसाठी?"

"ती पहाट त्यांची नाहीये, प्लातोन."

"त्यांना लिहिता येत नाहीये!"

हे तो जरा मोठ्यानेच म्हणाला. सगळ्यांनी इग्नातीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"मला प्लातोनचं पटतं," ताइसिया म्हणाली. आपल्या आवाजात इतका थकवा असेल असं तिला वाटलं नव्हतं. "अर्सेनी लिहू दे. कुणीही लिहू दे. संपली एकदाची की याच्या डोक्यातून जाईल. तुम्हाला सिंफनी हवी, त्यांना पहाट हवी. मला हा हवा, बसलेला, जेवणारा."

"आणि याला काय हवं?" ग्लाफिराने विचारलं. इतका वेळ ती गुपचूप अळंब्या खात होती.

"ते तो सांगू शकला असता तर आपण इथे बसलो असतो का?" प्लातोन म्हणाला.

"होडी," इग्नाती म्हणाला.

ताइसियाने त्याच्या हातात चमचा दिला. त्याने तो बाजूला सारला. "होडी!" क्सेनियाने दुसरा, मोठा चमचा दिला. निकान्द्र सेम्योनोविचने भलत्याच आदराने साखरेचा चमचा पुढे केला. इग्नातीचा चेहरा लाल झाला. "होडी! होडी, काका, टोपी..." त्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली, चमचे खाली पडले. ताइसिया उठून त्याची नाडी पाहू लागली तसा त्याने हात हिसडून घेतला. सोळा वर्षांत असं त्याने कधी केलं नव्हतं. मग टेबलाच्या कडेला धरून तो उभा राहिला आणि पाय ओढत बाजूच्या खोलीत गेला.

तिथे पियानो होता. बंद झाकणासमोरच्या स्टुलावर तो बसला. त्याचा डावा हात झाकणाच्या लाकडावर चालू लागला. नखांचा बारीक टकटक आवाज. जेवणाच्या खोलीत सगळे तो ऐकत बसले. सूर नव्हता, काहीच नव्हतं, नुसतं लाकूड, तरी ते कुठून तरी सुरू होऊन कुठेतरी जात होतं हे ताइसियासारख्या सूर न कळणाऱ्या बाईलाही समजत होतं.

ग्लाफिरा उठली. काय करायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं, तसं तिने नंतर शपथेवर सांगितलं. भावाचं सांत्वन कसं करतात हे तिला एकाच प्रकारे माहीत होतं. ती त्याच्याशेजारी स्टुलाच्या कडेवर टेकली आणि हलक्या, घोगऱ्या आवाजात त्यांच्या आईचं अंगाईगीत गाऊ लागली.

"धुकं आलं कुरणावर,
गायी गेल्या पाण्यावर..."

टकटक थांबली. पहिली ओळ संपली, दुसरी संपली, आणि तिसरीला तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आला. जाडा, गंजलेला, पण सुरात.

"कोण बोलवी गायींना,
कोण उभं काठावर..."

क्सेनियाने तोंडावर हात ठेवला. प्लातोन खुर्चीवरून अर्धवट उठून तसाच थांबला. शब्द होते ते. स्पष्ट, आपापल्या जागेवर बसलेले. कुरण म्हणजे कुरण आणि गाय म्हणजे गाय. पाच महिने ज्या तोंडातून एक शब्द धड बाहेर पडला नव्हता त्या तोंडातून सबंध अंगाईगीत आलं, आणि शेवटच्या ओळीला दोघं म्हातारे स्टुलावर जरासे झुलत होते, जसे कधीकाळी एकाच पाळण्यात झुलले असतील.

निकान्द्र सेम्योनोविच रडत होता, आणि नॅपकिन सापडत नसल्यामुळे टेबलक्लॉथच्या टोकाने डोळे पुसत होता.

ताइसिया मागच्या दाराने बागेत गेली.

धुकं आता झाडांच्या कमरेपर्यंत चढलं होतं. सफरचंदं त्यात लटकलेली होती, झाडाशिवाय, नुसतीच. ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली. मनात आनंद शोधला. होता, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी बसलेलं होतं. पाच महिने तिने त्याला भरवलं होतं, पुसलं होतं, रात्र रात्र उशाशी बसून एकेक शब्द लहान पोराला शिकवावा तसा ओठ हलवून दाखवला होता. म्हण, चहा. म्हण, ताया. आणि ही बाई आली, अर्धी बरणी अळंब्या खाल्ल्या, आणि एका गाण्यात सगळं घेऊन गेली.

पाठीमागे गवतात पावलं वाजली. ग्लाफिरा पुन्हा अनवाणीच होती.

"सरक जरा. गुडघे दुखतात माझे."

ताइसिया सरकली.

"रागावलीस."

"नाही."

"अगं, रागाव की. मी असते तर बरणी फेकून मारली असती." ग्लाफिराने गुडघे चोळले. "मला आत्ता तिथे बसल्यावर आठवलं. लहानपणी तो अडखळायचा. फार. भाकरी मागायची तर 'भ भ भ' करत निळा पडायचा. आई म्हणायची, मागू नकोस, गा. मग तो गाऊन मागायचा. भाकरी दे, दूध दे, ग्लाशाने मला मारलं, सगळं गाऊन. गावात हसायचे त्याला. संगीतकार झाला तो काही देवाच्या वरदानाने नाही, भुकेने झाला. हे मी पार विसरले होते बघ. म्हातारपणी काय काय खाली जाऊन बसतं."

ताइसियाने खिशातली किल्ली चाचपली.

"तू गा त्याच्याशी," ग्लाफिरा म्हणाली.

"मला? मला सूर नाही. शाळेत मला कोरसमध्ये नुसतं तोंड हलवायला सांगायचे. मी गायले तर तुमच्या भावाला दुसरा झटका येईल."

"येऊ दे. निदान मजेशीर येईल."

ताइसियाला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. कितीतरी दिवसांचं होतं ते. ग्लाफिराने तिला जवळ ओढलं नाही, पाठीवर थोपटलं नाही, शेजारी नुसती बसून राहिली, आणि तेच बरं होतं.

"भीती वाटते, ताई," ताइसिया म्हणाली. "तो जाईल. पियानो उघडला की जाईल. मी एकदा त्याला परत आणलंय. पुन्हा जमेल असं वाटत नाही."

ताई म्हटल्याचं दोघींच्याही लक्षात आलं. कुणी तसं दाखवलं नाही.

"जाईल कदाचित," ग्लाफिरा म्हणाली. "मी काही डॉक्टर नाही. पण तिथे जेवणाच्या टेबलावर आपण सगळ्यांनी मिळून त्याला आधीच पोचवला होता बघ. तो बसलाय, आणि आपण त्याच्या सिंफनीला दत्तक द्यायला निघालोय. एकदा त्याला विचार तर. मग हवं तर कुलूप आणखी मोठं लाव."

आत गेल्या तेव्हा सगळे तिथेच होते. प्लातोन खिडकीशी पाठमोरा. क्सेनिया वडिलांच्या पायाशी जमिनीवर. ताइसिया नवऱ्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. इतक्या लोकांत, त्या सुरांसाठीच जन्मलेल्या संचालकासमोर! मग डोळे मिटून तिने त्याच अंगाईगीताच्या चालीवर, म्हणजे ती चाल असावी असं तिला वाटत होतं त्या चालीवर, गायला सुरुवात केली.

"इग्नाती, मला सांग... तुला काय हवं..."

निकान्द्र सेम्योनोविचचा चेहरा आपोआप आक्रसला. प्लातोनचे खांदे हलले. इग्नाती मात्र तिच्याकडे बघत होता, असा, की जणू ती कुठल्या तरी दूरच्या काठावरून येते आहे आणि तो हात करायला उभा आहे. मग त्याने तिचा चुकलेला सूर उचलला, तसाच, चुकलेला, आणि त्याच्यावरच पुढे गेला.

"ताया..." तो गायला. "ताया, ताया... उघड ना."

नाव हातात आलं होतं आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. पण ती नर्स होती. तिने गात गातच विचारलं, "डॉक्टर म्हणाले... मरशील तू..."

"मरेन," इग्नातीने स्वच्छ सुरात उत्तर दिलं. "सगळेच मरतात... मला शेवट ठाऊक आहे... दुसऱ्या कुणाला नाही..." आणि मग संचालकाकडे मान वळवून, चाल जराही न सोडता, "पहाट नको... कढी नको..."

क्सेनिया इतकी मोठ्याने हसली की तिला ठसका लागला.

ताइसियाने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. कुलूप जरा अडलं, दमटपणाने लाकूड फुगलं होतं, प्लातोनने पुढे येऊन झाकण वर ढकललं. पट्ट्या पिवळसर होत्या. इग्नातीने डावा हात त्यांच्यावर ठेवला आणि थोडा वेळ नुसताच ठेवला. मग मान हलवून बहिणीला उजवीकडे बोलावलं, आणि तो गाऊन एकेक सूर तिला देऊ लागला. तिची बोटं जाडी आणि मंद, त्याची भराभर चालणारी. दोन हात, दोन धनी. क्सेनियाने आपला व्हायोला, व्हायोलिनहून जरा मोठं ते वाद्य, आणला आणि मधल्या ओळीत हळूच शिरली.

त्या संगीतात काय होतं हे ताइसियाला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणायची की त्यात पावसाआधीची हवा होती. ते कुठेच जात नव्हतं आणि थांबतही नव्हतं. एक आवाज हाक मारत होता आणि दुसरा उत्तर द्यायला उशीर करत होता, मुद्दाम नाही, अंतरामुळे. खोलीत धुकं आलं होतं की काय कोण जाणे, चहाच्या समोवारचं पितळ दिसेनासं झालं होतं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती आणि त्याच्या मानेवरच्या शिरेचे ठोके मोजण्याची आपली सवय विसरून ती फक्त उभी होती. शेवटी व्हायोलाचा एक लांब, पातळ सूर उरला, आणि तो संपला कधी ते कळलं नाही.

"आणि मग?" निकान्द्र सेम्योनोविचने दबक्या आवाजात विचारलं. "पुढे?"

"झालं," इग्नाती गायला.

"पण... हे असं? ट्रम्पेट नाहीत? इग्नाती प्लातोनोविच, मी तुमच्या पायाशी आहे, पण हे मी त्यांच्यापुढे कसं ठेवू? लोकांना संपलंय हेच कळणार नाही!"

"मग बसून राहतील," खिडकीपासून प्लातोन म्हणाला. "निकान्द्र सेम्योनोविच, तुम्हाला इथे मी आणलं, माफ करा. ही अशीच वाजेल. नाहीतर नाही वाजणार."

"प्लातोशा, जिन्यातली दारं?" क्सेनियाने विचारलं. थट्टेने नाही.

"लावू देत," तो म्हणाला. "आपलं दार उघडं आहे."

ती त्या हिवाळ्यात वाजली नाही, पुढच्याही नाही. निकान्द्र सेम्योनोविचने खरोखर प्रयत्न केले, मग कमी केले, मग सणावाराला शुभेच्छा पाठवू लागला. इग्नाती मेला नाही. घरातले सगळे त्याच्याशी गाऊन बोलायला शिकले. ताइसिया भाजी चिरताना बेसूर आवाजात विचारायची, मीठ जास्त झालं का, आणि शहरातल्या घरी खालच्या मजल्यावरची शेजारीण छत ठोकायची. शेवटचा भाग क्सेनियाने त्याच्या गळ्यातून कागदावर उतरवून घेतला. त्याला सारखं काही ना काही बदलायचं असायचं, आणि दोघं इतकी भांडायची की ताइसियाला जुने दिवस आठवायचे.

शेवटी ती वाजली ती ग्लाफिराच्या गावात. नदीकाठच्या त्या लाकडी सभागृहात वाद्यवृंद म्हणजे निम्मे संगीतशाळेतले शिक्षक आणि एक दंतवैद्य. व्हायोला क्सेनियाचा. एप्रिल होता. कोट घालूनच सगळे बसले होते. पहिल्या रांगेत ग्लाफिरा, तिच्या शेजारी इग्नाती, मग ताइसिया, आणि टोकाला रात्रभर गाडीने आलेला प्लातोन. दुसऱ्या भागात दंतवैद्याचा एक प्रवेश चुकला तेव्हा इग्नातीने ताइसियाचा हात दाबला, आणि तिला चूक कळली नव्हती तरी तिने दुःखाने मान हलवली.

शेवटचा सूर क्सेनियाने इतका हळू सोडला की तिचा गज तारेवरून उचलला गेल्यावरही तो सभागृहात होता. कुणी टाळी वाजवली नाही. संपलंय की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक बसून राहिले, प्लातोन म्हणाला होता तसेच, श्वासही जपून घेत. आणि त्या शांततेत बाहेरून, खूप लांबून, एक आवाज आला. जमिनीखाली कुणीतरी फार मोठं दार लोटावं तसा. मग आणखी एक, जवळ.

दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"निघाली," ती म्हणाली.

नदीवरचा बर्फ फुटला होता. क्षणात खुर्च्या वाजल्या. आधी मागच्या रांगा उठल्या, मग सगळ्याच, कारण त्या गावात बर्फ निघाला की घरात कुणी थांबत नाही. संगीतशाळेतल्या शिक्षकांनी वाद्यं खुर्च्यांवर ठेवली. दंतवैद्य तर सगळ्यांच्या पुढे होता. प्लातोन रागाने काही बोलणार होता, पण त्याने वडिलांकडे पाहिलं. इग्नाती हसत होता. पाणी येईपर्यंत, खांदे हलेपर्यंत हसत होता, आणि उठायची घाई करत होता.

"ताया," तो गायला, "कोट... कोट!"

तिने त्याची बटणं लावली, गळपट्टा नीट केला. मग ते सगळे बाहेर पडले. काठावर सारं गाव उभं होतं. प्रचंड करडे तुकडे एकमेकांवर चढत, कुरकुरत, वळणाकडे चालले होते. एकावर कुणाचं तरी कुंपण होतं, एकावर गवताची गंजी. लोकांनी बाजूला सरून म्हाताऱ्याला कठड्याशी जागा करून दिली. त्याने डावा हात ताइसियाच्या हातात अडकवला आणि कितीतरी वेळ नदीकडे बघत उभा राहिला. पाय गारठून लाकूड झाले तरी तिने त्याला घरी चल म्हटलं नाही.